मुंग्या

पायांना मुंग्या येतात, एवढंच मी डॉक्टरला सांगितलं.
त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. जानेवारी. उणे तेवीस.
ओउलूतल्या साऱ्या मुंग्या तेव्हा
पाइनच्या सुयांच्या ढिगाखाली, मातीत खोल,
एकमेकींना बिलगून निजलेल्या.
माझ्याच तेवढ्या जाग्या.

एकोणतीस वर्षं टपाल वाटलं मी.
उन्हाळ्यात सायकल, हिवाळ्यात पायानं रेटायची स्लेज.
सदुसष्ट पेट्या. कुठल्या अंगणात कुत्रा,
कुठल्या पायरीवर काळा बर्फ,
कुठल्या घरी पत्र देऊन लगेच निघायचं नाही,
सगळं तळपायांना पाठ.
आता तेच तळपाय रात्री अकराला पेटतात.
आग मस्तकात जाते म्हणतात. माझी जात नाही.
घोट्यापर्यंत चढते, थबकते,
चुकीच्या पत्त्यावरच्या पाकिटासारखी
माघारी येते.

चादरीचाही भार सोसवत नाही.
पहिल्या हिवाळ्यात मी अपरात्री
झग्यावरच बर्फात जाऊन उभी राहायचे, अनवाणी.
शेजारच्या उर्पोनं एकदा पडदा सरकवून पाहिलं
आणि सभ्यपणे परत ओढून घेतला.
डॉक्टर म्हणाला, हे बंद. कातडी मरेल आणि कळणारही नाही.

घोट्यावरून मसुराच्या दाण्याएवढी कातडी काढली त्यांनी,
तिच्यातली नसांची टोकं मोजली.
कमी भरली.
बारीक नसा, म्हणाला, टपालातल्या शेवटच्या गल्लीसारख्या.
(गल्लीचं मी म्हणतेय. तो नुसता 'बारीक' म्हणाला.)

रक्तात साखर काठावर. म्हणजे पुल्ला गेला.
वेलदोडा घातलेला, आईच्या पद्धतीचा, गरम.
कॉफीसोबतचा पुल्ला सोडणं
आमच्याकडे जवळजवळ धर्म सोडण्यासारखंच.
राईची भाकर राहिली, हेरिंग राहिला,
ऑगस्टमध्ये वेचून गोठवलेली ब्लूबेरी राहिली,
आणि ओव्हनसमोर उगाच उभं राहायची सवय.

नणंद काइसू पिशवी घेऊन आली.
एक बाटली नसांची, एक ताकदीची, एक झोपेची.
"घेऊन बघ, बिघडतंय काय?"
बिघडलं. वसंतापर्यंत आग तशीच,
वर बोटं लाकडाची झाली.
औषधांच्या दुकानातल्या एस्तेरीनं,
माझ्या नातीच्या वयाची असेल,
तिन्ही बाटल्या फिरवून बारीक अक्षर वाचलं,
पेन्सिलीनं बेरीज केली.
तिन्हींत बी-सहा. तिन्हींत भरपूर.
जे नसांसाठी घेत होते
तेच नसा खात होतं.
अति तिथं माती. मी तर ती चमच्यानं मोजून खाल्ली,
रोज, जेवणानंतर.
बी-बारा तेवढं ठेवलं तिनं. ते खरंच कमी होतं.
काइसूला मी अजून सांगितलेलं नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी तरणतलाव.
छातीइतक्या पाण्यात नुसतं चालायचं, पुढे, मागे.
पहिल्याच दिवशी समोरून उर्पो,
गुडघ्याचं दुखणं घेऊन, लाल टोपी घालून.
"काय रौनी, बर्फ बंद वाटतं?"
चार महिन्यांत पहिल्यांदा हसले,
नाकातोंडात पाणी जाईपर्यंत.

बरी झाले का? नाही.
काही रात्री पाच तास झोपते.
काही रात्री अजून दारापर्यंत जाते,
कडीला हात लावते, परत फिरते.
चादर आता नडगीपर्यंत चालते.
मोजायला एवढंच आहे, तर एवढंच मोजते.

परवा, मे संपता संपता,
जुन्या वाटेनं काठ्या टेकत गेले.
त्रेचाळीस नंबरच्या पेटीमागचं वारूळ
अजून तिथंच, कमरेइतकं, उन्हात वळवळणारं.
ओंडक्यावर बसले. बूट काढला, मोजा काढला.
तळव्यावर आल्याच नेहमीच्या, नसलेल्या.
मग घोट्याजवळ, जिथून कातडी काढली होती तिथं,
काहीतरी वेगळं. हलकं. एकटंच.
मी लगेच खाली पाहिलं नाही.
आधी ओळखायचा प्रयत्न केला.

मग पाहिलं.
होती.